तोच क्रमांक

ट्रॉम्सोत सूर्य आता जानेवारीतच.
दुपारचे दोन म्हणजे खिडकीत सांडलेली निळी शाई,
आणि तळघरात आमचा सर्व्हर
समुद्रभरच्या माशांचे आकडे पोटात घेऊन
घुमत बसलेला.

त्याच्यापाशी एक वही आहे.
कुणी म्हणालं, ही फाइल पुसून टाक,
तर तो पुसतो, "पुसली" म्हणतो,
आणि ते "पुसली" वहीत टिपून ठेवतो.
कारण उत्तरं वाटेत हरवतात.
विचारणारा थोडा थांबतो, पुन्हा विचारतो.
वही नसती, तर हा भाबडा
पुन्हा पुसायला गेला असता,
आणि आला असता सांगत : "कसली फाइल? इथे तर काहीच नाही."

म्हणून वही.
ओड्वारने लिहिलेली,
मी दुधाचे दात पाडत होते तेव्हा.

मंगळवारी 'स्कार्वेन' बोटीवरून तोर्गुनचा निरोप :
सोमवारच्या जाळ्यातले कॉड कुठे गेले?
तिने बोटं गोठेस्तोवर मोजले होते,
आकडे पाठवले होते,
"लिहिलं" असं उत्तरही आलं होतं.
मी फाइल उघडली.
आत शून्य.

तीन रात्री शोधलं
(रात्री तरी कसं म्हणू, इथे सगळी एकच रात्र).
पंख्यांचा आवाज, कॉफीचा करपट वास,
आणि हजारो ओळींची नोंद, वाळूसारखी
वरून खाली, वरून खाली.

मग दिसलं.
लाटेने बोटीवरचा संगणक बंद पडला होता.
तो उठला, आणि प्रश्नांना क्रमांक देऊ लागला
पुन्हा एकपासून. ये रे माझ्या मागल्या.
एकेचाळीसशे सतरा म्हणाला : हे कॉड लिही.
सर्व्हरने वही चाळली. एकेचाळीसशे सतरा?
याला तर उत्तर दिलंय मघाशीच.
"लिहिलं," तो म्हणाला,
आणि पेन उचललंच नाही.

खोटं नव्हतं ते.
फक्त दुसऱ्या कशाचं तरी खरं होतं.

त्या ओळीवर ओड्वारची टीप होती,
चौदा मार्च, त्याच्या आद्याक्षरासकट :
असं कधी होणार नाही.

मी बसले लिहायला.
क्रमांकाशेजारी प्रश्नाचीही खूण ठेवायची,
त्याच्या सुरुवातीच्या अक्षरांची एक बेरीज.
क्रमांक जुळला, बेरीज जुळली : तोच माणूस, तीच विचारणा,
दे मागचं उत्तर.
क्रमांक जुळला, बेरीज फिसकटली :
ऊठ, काम कर.

अकरा ओळी.
मग एका जुन्या यंत्राला बोट समजून
दहा वेळा त्याची वायर उपटली.
दहाही वेळा कॉड जाग्यावर.
टीप खोडावी म्हटलं. खोडली नाही.

तेवढ्यात फोन. ओड्वार, निवृत्त,
क्वालोयामागे कुठेतरी त्याच्या वल्ह्याच्या होडीत.
"झालं का?"
"झालं. अकरा ओळी."
लाइन तुटली. पुन्हा लागली.
"झालं का?"
"झालं. अकरा ओळी."
तेच, त्याच आवाजात. चिडले नाही.
या वेळी पोचलं.
तो हसला, मग हसायचा थांबला.
"मला माहीत होतं तेव्हाच," म्हणाला,
"पण मेमरी सोन्याच्या भावाची.
चार बाइट वाचवले, आणि ती ओळ
स्वतःची समजूत घालायला लिहिली."
मी काही बोलायच्या आत
डोंगराने पुन्हा त्याला गिळलं.

तोर्गुनला कळवलं : सोमवार गेला तो गेला,
यापुढचा एकही जाणार नाही.
तिचं उत्तर, एक शब्द : बरं.
त्यात राग किती, मोजता आला नाही.

पुन्हा फोन. वारा, वल्ह्यांची चुबुकचुबुक.
"झालं का?"
"झालं म्हटलं ना. अकरा ओळी."

पलीकडे पाणी वाजत राहिलं.
"ते नव्हे गं. जेवण."

टेबलाच्या कडेला, कालच्या कागदात गुंडाळलेला पाव.
तपकिरी चीज, घामेजलेलं.
गाठ तशीच.